कॅप्सूल का नाही, ते आज दाखवलं!

मंडळी, आज मी जिंकले! सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

मी इकडे परदेशात, इल्फर्डमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. कोणता डॉक्टर कोणती औषधं लिहितो, यावर इथे बारीक नजर असते. आज दुपारी ते तपासणारी फार्मासिस्ट आमच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात आली. तिच्या ग्राफवर सगळ्यांपेक्षा वेगळी एकटी मीच, नावापुढे लाल खूण! ॲसिडिटीसाठी बाकीचे कॅप्सूल लिहितात, मी गोळ्या.

“गाइडलाइनमध्ये कॅप्सूल आधी आहे. तुम्ही का पाळत नाही?”

माझं डोकंच फिरलं. मी टेबलावरची पिशवी तिच्यासमोर रिकामी केली. कॅप्सूलची सात पाकिटं, एकही उघडलेलं नाही. माझ्याकडे नव्यानेच आलेल्या एका जैन आजींनी सकाळीच परत आणली होती.

“कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं. आधीचे डॉक्टर लिहीत राहिले, आजी ‘येस डॉक्टर, थँक यू’ म्हणत पाकिटं कपाटात टाकत राहिल्या. तुमच्या ग्राफवर ते डॉक्टर एकदम बरोबर. पण आजींच्या पोटात काय गेलं?”

माझ्या नावापुढची लाल खूण तिने स्वतः काढली आणि सगळ्या सर्जरींना जाणाऱ्या फॉर्मवर नवा प्रश्न टाकला: पेशंटला जिलेटिन चालतं का?

कॉलर ताठ करून मी पुण्याला आईला फोन लावला. सगळं ऐकून ती हळूच म्हणाली, “अगं, पण डॉक्टरांना तोंडावर नाही कसं म्हणायचं?”

आई, तुझं कपाट उघड बघू! आणि मंडळी, तुमच्या घरचं?