चिंचेने उजळलेलं चित्र

पंचवटीत आमच्या काकांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. जगातली कुठलीही वस्तू उलटी करून, टिचकी मारून बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. नव्वदच्या दशकात आत्याने एक चित्र घरी आणलं, तेव्हाही त्यांनी तेच केलं. "पत्रा बरा आहे," म्हणाले, "पण वरचा देव आपला नाही."

आत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथली इटालियन सिस्टर, तिची जिवाभावाची मैत्रीण, कायमची मायदेशी जाताना तिला ते देऊन गेली. वहीएवढा तांब्याचा पत्रा, त्यावर तेलरंगात मरिया आणि तिच्या मांडीवर बाळ. सिस्टरच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुजलेलं, म्हणून रंग काळवंडलेले. देवघरात अर्थातच त्याला जागा मिळाली नाही. आत्याने ते आपल्या कॉटवरच्या खिळ्याला टांगलं आणि ड्युटीवर निघताना ती रोज त्याला "येते गं" म्हणू लागली. हे मरियेला की मैत्रिणीला, ते आम्ही कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी दिवे शोधत दुकानात आला. काकांनी त्याला घरी चहाला आणलं. त्याने चित्र पाहिलं आणि खिशातून भिंग काढलं. त्या संध्याकाळी काकांना सर्वधर्मसमभावाचा असा काही झटका आला की विचारू नका. मरिया थेट देवघरात, गणपतीशेजारी.

आत्या म्हणाली, "दादा, ते माझं आहे. मला विकायचं नाही."

"देव काय एकट्या कुणाचा असतो का?" काका म्हणाले.

व्यापारी पुन्हा यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी काकांनी काकूला फर्मावलं, "ते चित्र जरा लख्ख कर. गिऱ्हाईकासमोर काळा माल ठेवायचा नाही." काकूला तांबं उजळायची एकच रीत ठाऊक होती: चिंच, मीठ, राख आणि नारळाची शेंडी. आधी बाळ गेलं, मग आई. थांबावं असं काकूला वाटलंच नाही, कारण खालून तांबं फार सुरेख निघत होतं.

व्यापाऱ्याने पत्रा पाहिला आणि चहा न घेताच तो निघून गेला. वस्तू आत्याची आहे, हे काकांना त्या दिवशी एकदम पटलं. माझा नुसता संताप झाला. आत्याने मात्र पत्रा पुन्हा त्याच खिळ्याला टांगला आणि समोर बसून राहिली.

"आता काय उरलंय त्यात बघण्यासारखं?" काका तिच्या मागे येऊन म्हणाले.

आत्याने मान वळवली नाही.

"तुझं तोंड दिसतंय, दादा. अगदी लख्ख."