आधी गाय, मग जमनाबाई

त्रिविक्रमराव पहिल्यांदा नजरेत भरले ते बेंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या भाजीबाजारात. एक डोळा मिटून, दुसऱ्या डोळ्यासमोर भेंडी आडवी धरून ती सरळ आहे की नाही हे ते पाहत होते. भाजीवाली कंटाळून म्हणाली, "अण्णा, शिजवायची आहे की बंदुकीत भरायची?" त्यांनी भेंडी शांतपणे बाजूला ठेवली आणि पुढची उचलली. शेजारी जमनाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पस्तीस वर्षांच्या संसारात अशा उभ्या राहण्याची त्यांना सवय झाली होती.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात त्रिविक्रमराव तपासनीस होते. मशिनवरून उतरलेला प्रत्येक भाग त्यांच्या हाताखालून जाई आणि जो मापात नसे त्यावर ते लाल पेन्सिलीने फुली मारत. नोकरीत हा गुण ठरला. घरी तो पोळ्यांवर चालला. जमनाबाईंची पोळी कधी 'चांगली' झाली नाही. फार तर 'चालेल' अशी झाली.

चौऱ्याण्णव साली ते निवृत्त झाले आणि त्यांनी बेंगळूरवरच फुली मारली. धूर फार, गर्दी फार, नळाला पाणी कमी. त्या सुमारास मल्लेश्वरमातल्या प्रत्येक निवृत्त माणसाला मोकळी हवा हवी होती. बाकीचे ती कट्ट्यावर बसून मागत, त्रिविक्रमराव मात्र स्कूटर घेऊन निघाले. दर रविवारी एक गाव. विहिरीचे पाणी बाटलीत, माती पुडीत, निरीक्षणे वहीत. एक गाव मोर ओरडतात म्हणून नापास झाले, एक देवळाचा कळस कलता म्हणून. अकरावे गाव हुणसेपाळ्या. तिथे आठ दहाची बस ठीक आठ दहाला आली आणि त्रिविक्रमरावांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथेच घर बांधायला साइट घेतली. ती सहाची बस होती, हे पुढे कळले.

"मी नाही यायची," जमनाबाई म्हणाल्या. "तिथं ना ओळखीचं देऊळ, ना बोलायला माणूस. दिवसभर काय, तुमच्याकडून तपासून घेत बसू?"

"अगं, हवा बघ तिथली!"

"हवा इथंही आहे. तुम्ही तिच्यावरही फुली मारलीत."

शेवटी जमनाबाईंनी एक अट घातली. गृहप्रवेशाला घरात आधी गाय नेतात, मग घरची बाई जाते. ही रीत त्यांच्या माहेरीही होती आणि सासरीही. "गाय आपल्या पायांनी आत गेली तर मी जाईन. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. मुक्या जनावराला जागा कळते."

"एवढंच ना?" त्रिविक्रमराव हसले. "गूळ दाखवला की गाय विधानसभेतही शिरेल."

घर उभे राहू लागले. विटांची पहिली लॉरी आली तेव्हा त्रिविक्रमरावांनी व्हर्नियर काढून वीट अन् वीट मोजली आणि चारशे विटांवर फुल्या मारल्या. मुनियप्पा मेस्त्री 'सरी अण्णा, सरी' म्हणत मान डोलवत राहिला आणि अण्णा जेवायला गेले की फुलीची बाजू आत वळवून त्याच विटा लावत राहिला. जमनाबाई डबा घेऊन गेल्या होत्या, त्यांनी हे पाहिले. त्रिविक्रमरावांना हे आजही माहीत नाही.

जमिनीच्या बाबतीत मात्र मुनियप्पाची डाळ शिजली नाही. तांबड्या ऑक्साइडची जमीन त्यांनी तीन आठवडे घोटून घेतली. मेणाचा एक हात, खोबरेल तेलाचा एक हात, पुन्हा मेणाचा. शेवटी छताचे वासे खाली मोजता येऊ लागले.

"अण्णा, स्वल्प खरखरीत ठेवू या," मुनियप्पा म्हणाला. "पाय ठरायला पाहिजे की नको?"

"खरखरीत म्हणजे रिजेक्ट!"

जन्मात पहिल्यांदा त्रिविक्रमरावांनी एक वस्तू पास केली होती आणि ती पायाखालची होती.

शहाण्णवच्या वैशाखात मुहूर्त निघाला, सकाळी नऊ ते सव्वादहा. मल्लेश्वरमहून नातेवाइकांची व्हॅन आली. जमनाबाईंनी बरोबर एकच जादा पातळ आणले होते आणि परतीच्या व्हॅनमध्ये खिडकीची जागा सांगून ठेवली होती. गावातल्या गौरम्माने आपली तांबडी गाय केंपी हळदकुंकू लावून आणली.

केंपीने उंबऱ्यापलीकडे एक पाय टाकला. खाली तिला दुसरी तांबडी गाय दिसली. पाय सरकला. तिने तो काढून घेतला, आणि मग गूळ झाला, केळी झाली, कोवळा मका झाला. केंपी सगळे खाई आणि तिथेच उभी राही. कोणीतरी वासराला आत नेले. ते चार दिशांना चार पाय करून दिवाणखान्याच्या मधोमध बसले आणि हंबरू लागले.

"वास्तू नाकारते आहे," एक मावसभाऊ हळूच म्हणाला.

"वास्तू नाही हो," गौरम्मा म्हणाली. "तुमच्या अण्णांनी घर नाही, आरसा बांधलाय. माझी गाय काय नवरी आहे तोंड बघायला?"

भटजींनी घड्याळ पाहिले. साडेनऊ. जमनाबाई दुधाचे भांडे धरून अंगणात उभ्या होत्या. आपण जिंकलो हे त्यांना कळले होते. घरी गेल्यावर आधी काय करायचे हेही मनात ठरू लागले होते. तेवढ्यात त्यांचे लक्ष नवऱ्याकडे गेले.

त्रिविक्रमराव गायीकडे पाहत नव्हते, जमनाबाईंकडेही नाही. ते जमिनीकडे पाहत होते. मग ते मुनियप्पाजवळ गेले, त्याच्या पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली, सोवळ्यासकट गुडघ्यांवर बसले आणि उंबऱ्याच्या आत पहिला घाव घातला. एक तिरकी रेघ, तिच्यावरून दुसरी. फुली. मग पुढे सरकून आणखी एक.

"अण्णा, द्या इकडं, मी करतो," मुनियप्पा म्हणाला.

"तू वासराला धर."

अर्धा तास ठोकणे चालू राहिले. जमनाबाईंनी त्यांना पुष्कळ गोष्टींवर फुल्या मारताना पाहिले होते. आपण पास केलेल्या गोष्टीवर मारताना प्रथमच पाहत होत्या. घामाने त्यांचे गंध नाकावर उतरले होते. फुल्या सरळ रेषेत नव्हत्या, एकसारख्याही नव्हत्या, आणि त्रिविक्रमराव थांबून त्या तपासत नव्हते.

दहा वाजून पाच मिनिटांनी केंपीने पहिल्या फुलीवर खूर टेकवला. ठरला. मग दुसरा. वासरापर्यंत ती सावकाश चालत गेली, त्याला चाटले आणि शेपूट उचलून दिवाणखान्याच्या बरोबर मध्यभागी भरघोस शेण टाकले. अंगणात टाळ्या पडल्या.

त्रिविक्रमराव छिन्नी हातात धरून भिंतीला टेकले होते. "आता?" त्यांनी विचारले.

"सरका बाजूला," जमनाबाई म्हणाल्या. "दूध उतू घालायचंय." आणि उजवा पाय आत टाकला.

खिडकीच्या जागेवर मावसभाऊ बसून गेला.

त्याला आता तीन वर्षे झाली. जमनाबाई हुणसेपाळ्यात राहतात. दुपारी गौरम्माच्या ओसरीवर शेंगा सोलायला बसतात आणि तिच्याकडून नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, करायला शिकल्या आहेत. फुल्यांमध्ये माती साठते. दर शनिवारी सकाळी त्रिविक्रमराव दात घासायचा जुना ब्रश घेऊन ती काढत बसतात.