वरकसावरचं पहिलं घर

धोंडीबाईने बांधलेला कुड हलवून दाखवा, अशी आमच्याकडे लोक पैज लावत. कारवीच्या काठ्या एकीला एक लावून, सालीच्या दोरीने आवळून ती भिंत उभी करी, शेणमातीत भाताचं तूस कालवून लिंपी, आणि मग त्या घरात वारा म्हणून शिरत नसे. सिद्धगडाच्या पायथ्याला निम्म्या घरांचे कुड तिच्या हातचे. आणि या बाईच्या स्वतःच्या लेकाला घर बांधायला जागा नव्हती. आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. लाकूड, विटा, सगळं कल्याणच्या छावणीकडे जायचं. पण धोंडीबाईला विटा कुठे हव्या होत्या? कारवी डोंगरात होती, गवत माळावर होतं, हात घरचे होते. अडलं होतं ते जमिनीपाशी. तिची वाडी होती मालकाच्या जमिनीवर. तिथे राहायचं तर मालकाची हाक आली की घरातल्या माणसाने वेठीला जायचं, फुकट, आपली शेती टाकून. नवीन घर उभं केलं की नवीन वेठ. म्हणून दोन लेक, दोन सुना, नातवंडं अशी सगळी एकाच छपराखाली कोंबलेली.

धाकटी सून तानी, लखमाची बायको. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तिला दिवस गेलेले असताना मालकाची हाक आली. दिवसभर वाकून मालकाच्या खाचरात उभी राहिली आणि मूल पोटातच गेलं. पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा धोंडीबाई उठली ती थेट आमच्या ओटीवर आली.

मी त्या घरची नवी सून. माझे सासरे, चांगो, माणूस तसा चिकट. चिंच वाटतानासुद्धा दोनदा मोजून घ्यायचे. पण आमच्या गोठ्याचे कुड दर वर्षी धोंडीबाईने बांधलेले, त्यामुळे तिच्यासमोर त्यांचं तोंड उघडेना.

"चांगोदादा, तुमचा वरकस पडून हाय," ती म्हणाली. वरकस म्हणजे उंचावरची खडकाळ जमीन, गवताशिवाय काही होत नाही अशी. "माझ्या लखमाला तिथं एक घर बांधू द्या. हाक मारली तर तुमीच माराल, दुसरा कोणी नाय."

"मी कशाला हाक मारू?" मामंजी गुरगुरले. म्हणजे हो म्हणाले.

वाडीचा भगत देवजी. नवं घर म्हटलं की त्याने आधी जागा बघायची. संध्याकाळी त्याने वरकसावर जमीन सारवली, तांदळाची रास मांडली, वर द्रोण पालथा घातला. सकाळी रास जशीच्या तशी असली तर जागा राहायला देते. सकाळी द्रोण उचलला तर दाणे चहूकडे पांगलेले.

देवजी मागे सरला. "ही जागा माणूस मागतेय," तो म्हणाला.

झालं. लखमा उठला, बाकीचे उठले. तानी तर रडायलाच लागली. दुसरी जागा आणायची कुठून? आमची बाकी सगळी खाचरं, त्यापलीकडे मालक, त्यापलीकडे सरकारी जंगल.

धोंडीबाई तेवढी बसून होती. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "माणूस मागतेय ना? मी माणूसच हाय."

लखमाने पाय धरले, थोरल्याने शिव्या घातल्या. कोणी हात लावायला तयार नव्हतं, म्हणून मेढ, घराचा मधला खांब, तिने एकटीने रोवली. एक माणूस जेमतेम आडवं होईल एवढी खोपी बांधली, पाऊस लागायच्या आत शाकारली आणि आपलं गाडगं-मडकं घेऊन राहायला गेली. तानीला म्हणाली, "पाऊस सरला आन् मी चालती-बोलती असले, तर तू ये."

तो पावसाळा मी मागच्या दारात उभी राहून काढला. सकाळी उठलं की आधी वरकसाकडे बघायचं. धूर दिसला की जीव भांड्यात पडायचा. वाडीतलेही बघायचे. आवणीला मालकाची हाक आली, तेव्हा तानीच्या वाट्याचं लखमाच राबून आला. एकदा वाऱ्याने छप्पर उडालं, ते तिने भर पावसात पुन्हा बांधलं. एकदा ताप आला. लखमा न्यायला गेला, तर त्याला दारातूनच हाकललं.

श्रावणात एक दिवस धूरच दिसला नाही. मामंजी काठी न घेता, अनवाणी धावत सुटले. मी मागोमाग. बघतो तर बाई चुलीपुढे बसून ओल्या लाकडांना शिव्या देत होती.

"सगळा गाव धूर बघतोय आन् तू मेलीस असं वाटून..." मामंजींना धाप लागलेली.

"मंग सुकी लाकडं घेऊन यायची ना, दादा! हात हलवत काय येता?"

त्या दिवशी आमच्या चिकट मामंजींनी घरची लाकडं तिच्याकडे स्वतः वाहून नेली. मला हसू आवरेना.

भातं कापून झाली तेव्हा देवजी भगत आपणहून आला. खोपीशेजारी त्याने स्वतःच्या हाताने मेढ रोवली, आणि सगळी वाडी कुड बांधायला लोटली. तानी बाळंत झाली ती त्या घरात. पुढे मालकाचा माणूस हाक मारायला वाडीत यायचा, तिथूनच परत जायचा; वरकस त्याच्या मालकाचा नव्हता. दोन-तीन वर्षांत वरकसावर घरांची ओळ लागली, आणि मामंजींनी तोंडाने कुरकुरत एकेकाला जागा दाखवली.

घरातली मोठी माणसं पुढे कौतुकाने सांगायची, की धोंडीबाई मोठ्या धीराची, तिने असल्या समजुतींना भीकच घातली नाही. मलाही तसंच वाटायचं. एकदा तिच्याजवळ बसून तूस कालवताना मी विचारलंच.

"मावशी, तुमचा त्या दाण्यांवर विश्वासच नव्हता ना?"

तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

"नव्हता कसा गो? जागा माणूस घेणार, हे मला पक्कं ठावं होतं. म्हणून तर तानीच्या आधी मी गेले."