जीपचा एक्सल आमच्या अँबॅसिडरला

उद्या माझ्या यजमानांना डायलिसिससाठी नांदेडला न्यायचंय आणि गाडी गॅरेजात जॅकवर आहे, म्हणून लिहिते आहे. भाड्याच्या जीपच्या उंच पायरीवर त्यांचा पाय चढत नाही. आमची जुनी अँबॅसिडरच लागते.

मिस्त्री सलीमभाईंनी आज सेनगावच्या भंगारातून जीपचा मागचा एक्सल आणून बसवला. तो रुंद निघाला. चाकं मडगार्डला घासतात.

"आधी मापला काहून नाही?"

"ताई, जुना दिल्याबिगर दुसरा देत न्हाई तो भंगारवाला. घाईत देऊन आलो."

"मग परत आणा!"

"त्यानं गॅसनं कापला बी."

मला काही सुचत नाही. कुणाकडे अँबॅसिडरचा एक्सल आहे का? आत्ताच सांगा.

भंगारात दिलेला माल: अँबॅसिडरचा जुना मागचा एक्सल, एक नग. आवाज करत होता, पण चालत होता.