प्लास्टरमधला चेहरा

गिरगावातल्या एका गल्लीत आमच्या मालकांचा कारखाना होता. शिकारी लोक वाघ-बिबट्यांची कातडी आणून देत आणि आम्ही ती जनावरं पुन्हा उभी करत असू. लोक आम्हाला पेंढा भरणारे म्हणत, पण पेंढ्याचे दिवस मागे पडले होते. आधी मातीत जनावराचं अंग घडवायचं, त्यावर प्लास्टर चढवून साचा घ्यायचा, साच्याच्या आत सरस लावलेल्या कागदाचे थर बसवायचे आणि वाळल्यावर जे हलकं, पोकळ अंग निघेल त्यावर कातडं चढवायचं, अशी आमची पद्धत. मासे आणि साप यांच्यावर मात्र थेट प्लास्टर चढवून साचा घ्यायचा. साच्यांचं काम माझ्याकडे होतं. मालक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "साचा मेलेल्याचा निघतो. पापलेटाचं पोटसुद्धा प्लास्टरच्या वजनाने दबतं. ते जिवंत कसं दिसत होतं हे तुला ठाऊक पाहिजे, नाहीतर काम वाया."

मी राहायला परळला होतो, गिरणी कामगारांच्या चाळीत. शेजारच्या खोलीत मालवणकडची एक विधवा बाई, तिचा गिरणीत बदली कामगार म्हणून जाणारा मुलगा आणि शाळेत शिकणारी लहान मुलगी. बाईंना मी काकू म्हणत असे. मुलगा जिन्यात भेटला की विचारायचा, "काय, सध्या कुठला वाघ चाललाय?" मी काहीतरी सांगायचो, तो हसायचा आणि पुढे जायचा. आमची ओळख एवढीच.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. तो गिरणीतल्या सोबत्यांबरोबर मोर्चाला गेला आणि गोळीबारात सापडला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घरी आणलं. छातीत गोळी लागली होती, चेहऱ्यावर ओरखडाही नव्हता. चाळीतले बाप्ये तिरडीची तयारी करत होते. काकू रडत नव्हत्या. त्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, "तू वाघाची तोंडा करतंस मां? माझ्या झिलाचा कर. तेचो एक फोटो पण नाय माझ्याकडे."

मला नाही म्हणता आलं नाही. कारखान्यातून प्लास्टरची पिशवी आणली. भुवयांना आणि मिशीला खोबरेल तेल चोपडलं, कानांभोवती कापड लावलं. थर चढवून मी बाजूला झालो आणि प्लास्टर घट्ट व्हायची वाट पाहू लागलो. तेवढ्यात काकूंनी पुढे होऊन त्यावर हात ठेवला.

"गरम लागता रे," त्या म्हणाल्या. "बघ, तो गरम झालो."

प्लास्टर घट्ट होताना तापतं. आमच्या कामात ही इतकी रोजची गोष्ट की ती कुणाला सांगायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काकूंनी दुसराही हात ठेवला. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मी अजून विसरलेलो नाही. मी म्हणालो, "काकू, ते प्लास्टर तापतं. तो नाही." त्यांनी हात काढले नाहीत. पुन्हा गार होईपर्यंत तसेच ठेवले. मग त्या रडल्या.

आठवड्याभराने मी साच्यातून चेहरा काढून त्यांना दाखवायला नेला. मिटलेले डोळे, थोडे बसलेले गाल. त्यांनी पाहिलं आणि मान फिरवली. "असो झोपलेलो माका नको. माझ्याकडे बघता असो कर."

कारखान्यात मी तो चेहरा मातीत उतरवला आणि पापण्यांपाशी अडलो. मालकांनी विचारलं, "कसे होते डोळे?" मला सांगता येईना. इतकी वर्षं जिन्यात भेटलेला माणूस. त्याचा आवाज आठवत होता, हसणं आठवत होतं, डोळे नाही. काकूंना विचारायला हवं होतं. सुतकाच्या घरात असलं काय विचारायचं, अशी मी माझी समजूत घातली. त्यांची मुलगी गॅलरीत अभ्यासाला बसायची. येता-जाता तिचा चेहरा दिसे. सख्खा भाऊ, कितीसा फरक असणार? मी तिचे डोळे केले. लांबट, बाहेरच्या कोपऱ्यात किंचित उतरते.

रंग देऊन झाल्यावर मालकांनी चेहरा हातात घेतला. "कुणाचे हे डोळे?"

मी सांगितलं.

"बाईला सांगून टाक," ते म्हणाले. "मग तिला हवं ते ती करील."

मी मान डोलावली. पण काकूंनी चेहरा मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हां. ह्योच." मी डोळ्यांचं न सांगताच माझ्या खोलीत परतलो.

तो चेहरा त्यांनी देवांच्या शेजारी भिंतीवर लावला. महाराष्ट्राचं राज्य झालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले, पहिला पेढा त्याच्यापुढे ठेवला. भेटायला येणारा प्रत्येक जण भिंतीकडे बघे, मग मुलीकडे बघे आणि म्हणे, "डोळे अगदी भावाचे घेतलेस गो." ती खूश व्हायची. काही दिवसांनी ती स्वतःच नव्या माणसांना तसं सांगू लागली. मी तिथे असलो तर चहाच्या कपात बघत बसायचो.

पुढे माझं लग्न झालं, मी दादरला राहायला गेलो. मालक वारले. शिकारीवर बंदी आली आणि कातड्यांचं काम संपलं. कारखाना मी चालवू लागलो, कॉलेजांना आणि संग्रहालयांना मासे, साप, पक्षी करून देऊ लागलो. मुंबईत टीव्ही आला. कुठल्याशा कार्यक्रमासाठी टीव्हीवाले माझं काम बघायला आले.

त्यांनी कारखान्यात मोठाले दिवे लावले. उष्णतेने प्लास्टर भराभर घट्ट होई, मला साच्याचं प्रात्यक्षिक दोनदा करावं लागलं. मुलाखत घेणारी मुलगी हुशार होती. सरस, मेण, कागद, सगळं नीट विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "कधी माणसाचा साचा घेतला आहे का तुम्ही?"

मला गप्प बसता आलं असतं. पण समोर कॅमेरा होता, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी सांगत सुटलो. गोळीबार सांगितला, आई सांगितली. नाव घेतलं नाही, एवढं भान होतं. आणि कारागिरी कळावी म्हणून वर हेही सांगितलं की डोळे मी बहिणीचे बसवले आणि आईला ते आजवर कळलं नाही. ती मुलगी "किती विलक्षण," म्हणाली.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी आमच्या घरी शेजारपाजारचे जमले होते. माझं कौतुक झालं. परळच्या चाळीतही एका खोलीत टीव्ही होता, तिथे काकूंना मुद्दाम पुढे बसवलं होतं. आपला माणूस टीव्हीवर येणार म्हणून.

दोनेक दिवसांनी त्यांची मुलगी कारखान्यात आली. आता ती इस्पितळात नर्स होती, कॉटन ग्रीनला सासरी राहायची. स्टुलावर बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "दादा, मला आधी सांगायचं होतंत."

"चुकलं माझं."

"मला तो नीट आठवत नाही. मी लहान होते. आरशात बघितलं की वाटायचं, त्याचं काहीतरी आपल्यापाशी राहिलंय. मुलाला सांगितलंय मी, मामाचे डोळे असे होते म्हणून. आता त्याला काय सांगू?"

मी विचारलं, "आई काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. तुम्ही येऊन जा."

मी रविवारी गेलो. चेहरा भिंतीवर होता तिथेच होता. काकू खूप थकल्या होत्या. त्यांनी मुलीला चहा ठेवायला सांगितलं, माझ्या मुलांची चौकशी केली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं.

"मगे तेचे डोळे कसे होते रे?"

"तुम्ही सांगा काकू. मी नवे करतो. माती घेऊन येतो, तुम्ही सांगाल तसे करतो."

पुढच्या रविवारी मी खरोखरच माती घेऊन गेलो. त्यांच्यासमोर बसून पापण्या घडवू लागलो. त्या म्हणाल्या, "जरा मोठे." मी मोठे केले. "नाय, इतके नाय. वायच आत." मी आत दाबले. असं बराच वेळ चाललं. मध्येच त्या भिंतीकडे बघत आणि मग जे सांगत ते पुन्हा भिंतीवरच्या डोळ्यांसारखंच होई. त्यांच्याही ते ध्यानात आलं.

"माका आता आठवत नाय," त्या म्हणाल्या. "ह्येंकाच बघत ऱ्हवलंय इतकी वर्सा. रवांदे."

मी माती फडक्यात गुंडाळली. त्यानंतर त्या असेपर्यंत मी जात राहिलो. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. त्या गेल्यावर चेहरा मुलगी घेऊन गेली. एकदा कॉटन ग्रीनला तिच्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा भिंतीवर आईचा फोटो होता, भावाचा चेहरा नव्हता. तिने आग्रहाने वाढलं आणि मी जेवलो.