चार बोटं वर

धुळ्याच्या साक्री रोडला रशीदभाईंच्या गॅरेजात दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगारवाला महिन्यातून एकदा येऊन भंगार तरी घेऊन जातो. किस्से न्यायला कुणी येत नाही!

गॅरेजच्या भिंतीला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, मी पक्का इथला झालो. डॉक्टरांनी मला बजावलंय, "शेठ, धक्के घेऊ नका." आता अशा शेजारात बसणाऱ्यानं धक्के घ्यायचे नाहीत तर काय घ्यायचं? त्यातले निम्मे धक्के तर एकट्या हिंमत नानांच्या पिकअपनं दिलेत.

नाना पिंपळनेरच्या पलीकडचे शेतकरी. धोतर, टोपी, आणि कमालीचा कडक माणूस. पिकअप अठरा वर्षांची जुनी. दर मंगळवारी भाजी भरून धुळ्याला येणार, शेजारच्या सीटवर अक्का. त्यांच्या शेताच्या वाटेवर एक नाला आहे. तिथं गाडी खालून घासते. यंदा एकदा दगडानं इंजिनाचं चेंबरच फोडलं. सगळं ऑइल नाल्यात आणि गाडीभर वांगी उन्हात!

नाना दुकानात आले आणि हुकूम सोडला, "शेठ, गाडी वर उचलनी शे."

अक्का मागून हळूच म्हणाल्या, "आनि मी कसी चढू?"

खरी मेख तिथं होती. अक्कांचे दोन्ही गुडघे गेलेले. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. ही पिकअप बुटकी म्हणून तेवढी जमते. मंगळवारचा बाजार, धुळ्यातली बहीण, डॉक्टर, सगळं त्या एका सीटवर अवलंबून. मला त्या सरळ म्हणाल्या, "शेठ, गाडी उंच करशात तं मी घरमाच बसी राहसू." मला वाईट वाटलं. पण नानांपुढे बोलायची माझी काय टाप!

\*\*\*

रशीदभाई कमानपाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगांचे मिस्तरी, हात फावड्याएवढे. त्यांनी गाडीखाली शिरून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "नाना, गाडी उचलू, पण एक ध्यानात ठेवा. ही टू-व्हील ड्राइव्ह आहे."

नाना भडकले. "टू-व्हील? डोया फुटनात का तुना? चार चाके शेत!"

"चार आहेत हो. पण इंजिन फक्त मागच्या दोन चाकांना फिरवतं. पुढची दोन नुसती सोबत फिरतात."

नाना खाली स्टुलावर बसले. एवढा धक्का बसलेला माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता. मीच पाणी आणून दिलं. अर्धा ग्लास संपल्यावर ते म्हणाले, "म्हंजे अठरा वरीस पासून ह्या दोन फुकट फिरी राहिनात? आनि तेस्ना टायर बी मीच बदली राहिनू!"

उठले आणि जाताना पुढच्या चाकाला एक लाथ घातली. त्या दिवसापासून ते पुढच्या चाकांना 'जावाई' म्हणतात.

\*\*\*

अमळनेरला आयुष्यभर फिजिक्स शिकवलेले पाटील सर रिटायर होऊन आता आमच्याच गल्लीत राहतात. सकाळचा पेपर माझ्या दुकानात वाचतात. त्यांना हे उचलाउचलीचं कळलं आणि त्यांनी खडू मागवला. पिकअपच्या फाळक्यावर गाडीचं चित्र काढलं, बाण काढले, मध्ये एक ठळक टिंब दिलं.

"नाना, हा गुरुत्वमध्य. गाडी जितकी उंच कराल तितका हा वर सरकेल. वर भाजीचे क्रेट, मग वळणावर गाडी उलटणारच. सगळा घोळ या गुरुत्वमध्याचा आहे!"

नानांनी टिंबाकडे बराच वेळ पाहिलं. मग गाडीखाली वाकून पाहिलं.

"सर, हाऊ नेमका कोठे शे? इतला तरास दी राहिना तं काढी टाकूत त्याले!"

आणि त्यावर कडी म्हणजे रशीदभाई हातात पाना घेऊन अगदी मनापासून विचारतात, "सतरा-अठराच्या पान्यानं निघेल ना?"

सरांनी खडू ठेवला आणि त्या दिवशी पेपर घरी नेऊन वाचला.

\*\*\*

माझा साडू जळगावला असतो. तो म्हणाला, मेहरूण तलावाकडे एकानं जीप उंच करायचं मोठं दुकान काढलंय, एकदा दाखवून घ्या. मी आणि नाना गेलो. दुकान कसलं, काचेचा महालच! समोर एक जीप उभी, तिचं चाक माझ्या छातीला लागत होतं. मी दोन पावलं मागे सरकलो.

मालक फार अदबीचा. नानांना खुर्ची दिली, सरबत दिलं आणि विचारलं, "काका, आपण ऑफ-रोडिंग कुठे करता?"

"म्हंजे काय करतस?"

"म्हणजे रस्ता सोडून गाडी घालायची. दगडधोंडे, चिखल, नाले. लोक लांबून लांबून येतात. रविवारी, शौक म्हणून."

नानांचा सरबताचा ग्लास तसाच राहिला. माझ्याकडे वळून त्यांनी खात्री करून घेतली, "शौक म्हनस हाऊ?"

मी मान हलवली.

"भो, तो तं आमना घरना रस्ता शे!"

मालकानं हात जोडले. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की जुन्या टू-व्हीलला आपलं किट बसणार नाही, गावातल्याच पाटेवाल्याकडून थोडी उंच करून घ्या. परतीच्या वाटेवर पारोळा आलं. तिथं नाना एकदम म्हणाले, "शेठ, रविवारले त्या शौकवाला बठ्ठासले आमनाकडे धाडी दे. भाजी बी भराई जाई."

\*\*\*

शेवटी किती उचलायची ते अक्कांनीच ठरवलं. माझ्या काउंटरवर हाताची चार बोटं आडवी टेकवली आणि म्हणाल्या, "चार बोट चाली. पाचवं बोट नही!" नाना कधी नव्हे ते कबूल झाले. रशीदभाईंनी काम सुरू केल्यावर गाडी गॅरेजात सोडून ते एसटीनं गावी निघाले. निघण्याआधी घरी फोन केला, कारण अक्का सकाळीच बहिणीच्या मुलाच्या रिक्षानं पुढे गेल्या होत्या.

फोन धरला शेजारणीनं. नाना म्हणाले, "सांगी दे तिले, गाडी उचली." आणि फोन बंद!

आता आपल्याकडे 'गाडी उचलली' म्हटल्यावर माणूस काय समजणार? चोरांनी नेली! शेजारणीनं अक्कांना थेट तेच सांगितलं. नाना गावी पोचेपर्यंत ओट्यावर पंचवीस माणसं गोळा. अक्का मध्ये डोक्याला पदर लावून बसलेल्या. चूल पेटली नव्हती. साक्रीहून अक्कांचा भाऊ मोटारसायकलवर धावत आलेला. आणि नाना पायी चालत, चक्क हसतमुख हजर!

मेव्हण्यानं घाबरत विचारलं, "दाजी, कसी उचली?"

"भारी उचली! आज पुढली बाजू उचली, मांगली सकाय उचलतीन."

मेव्हण्यानं कपाळावर हात मारला. "दाजी, भाग पाडीसन चोरी मी जिंदगीमा पहिलांदाव देखी राहिनू!"

हे मला अक्कांनीच सांगितलं. सांगताना हसत होत्या, पण म्हणाल्या, "शेठ, त्या घडीले मना जीव गया व्हता." गाडी गेली म्हणजे आपणही घरात अडकलो, एवढंच त्यांना दिसलं होतं.

\*\*\*

पुढच्या मंगळवारी दोघं गाडी घेऊनच आले. पुढचे-मागचे पाटे चढले होते. रशीदभाईंनी चार बोटं मोजली ती स्वतःची, म्हणजे अक्कांची साडेपाच! तरी अक्का दांडा धरून, ओठ चावून चढल्या होत्या. नव्या टायरांचं काम बाकी होतं. नानांनी गाडी समोरच्या टायरवाल्याकडे लावली, अक्कांना माझ्या पंख्याखाली बसवलं.

तासाभरानं गाडी बाहेर आली. मी डोळे चोळले. गाडीखालून कुत्रं मान वर करून आरामात निघून गेलं!

झालं असं की टायर सांगायला गेले तेव्हाही नाना बोलले होते, "चार बोटे वर येवाले पाह्यजे." रशीदभाईंना वाटलं चार बोटं आपण वाढवायची. टायरवाल्याला वाटलं आपण! त्यानं इमानेइतबारे मोठे टायर शोधून आणले आणि स्वतःची चार बोटं वेगळी वाढवली. दोघांनी एकमेकांना विचारायचं नाही, हा साक्री रोडचा रिवाजच आहे. मी ओरडलो, "अरे, अक्कांचं काय?"

चैत्राचं दुपारचं ऊन. अक्का गाडीपाशी गेल्या. दांडा धरला, पाय उचलला. पायदानापर्यंत पोचला नाही. पुन्हा उचलला, नाही. तिसऱ्यांदा त्यांनी उचललाच नाही. नुसत्या सीटकडे बघत राहिल्या. मला दुकानात उभं राहवेना. रशीदभाई ऑइलचा डबा घेऊन धावले, पण डबा डगमगला आणि अक्का घाबरून मागे झाल्या.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी बहीनकडे थांबी जासू."

नाना म्हणजे बाजारात बायकोच्या दहा पावलं पुढे चालणारा माणूस. चार माणसांत तिचं नाव कधी घेतलेलं नाही. त्यांनी टोपी काढून बॉनेटवर ठेवली. धोतर खोचलं. आणि भर साक्री रोडवर, मी, रशीदभाई, पाटील सर, टायरवाला, सगळे आ वासून बघत असताना, नाना गाडीच्या दारापाशी दोन्ही हात आणि गुडघे जमिनीला टेकून ओणवे झाले!

समोरचा रसवंतीवाला यंत्र थांबवून उभा.

अक्कांनी एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, एकदा आपल्या पायांकडे.

"चप्पल काढू का राहू देऊ?"

खालून नानांचा आवाज आला, नेहमीसारखाच कडक.

"राहू दे. पायदान उनमा तापेल शे!"