रिपोर्टाआधीची उपकारस्तुती

पनागरचा मटार सोलायला घेतला की त्या कच्च्या, गोडसर वासाने मी कांचघर भागातल्या आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये जाऊन पोचते. बाबा दवाखान्यात होते, दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन होतं. आणि आईने मटाराची भली मोठी टोपली आणून घरी उपकारस्तुती ठेवली होती.

आमच्या चर्चच्या मंडळीत उपकारस्तुती होते ती मागितलेलं मिळाल्यावर. आजारी माणूस बरा होऊन आला की पाळकांना बोलवायचं, गीतं म्हणायची, सगळ्यांना खाऊ घालायचं. म्हणून मावशी ओट्याशी येऊन कुजबुजली, "दीदी, काहून घाई करून राहिली? आधी भाऊजींना घरी तर येऊ दे."

आईचे हात थांबले नाहीत. "घरी आल्यावर तर कोणीही आभार मानेल," ती म्हणाली. "चलो, पोह्यांना फोडणी दे."

त्या संध्याकाळी सगळ्यांत मोठ्याने तीच गायली.

ऑपरेशननंतर बाबा घरी आलेच नाहीत. मला वाटलं, देवाने तिला चारचौघांत खोटं पाडलं. पण बाबांना माती दिल्यानंतरच्या रविवारी ती चर्चमध्ये त्याच आवाजात गायली, आणि मी तिच्यावर भयंकर चिडले. आज कळतं, तिने देवाशी सौदा केलाच नव्हता.

उद्या माझ्या नवऱ्याचा रिपोर्ट यायचा आहे. मघाशी मी पाळकांना फोन करून आज संध्याकाळच्या उपकारस्तुतीला बोलावलं.

"अच्छा! रिपोर्ट चांगला आला वाटतं?" त्यांनी आनंदाने विचारलं.

"अजून आलाच नाही," मी म्हटलं. "तुम्ही सातला या."